बाबांच्या नावावरचा खोकला

डॉक्टर मिळवायला नुसतं आजारी असून भागत नाही, हे तिला काउंटरवरच्या बाईंनी काचेच्या भोकातून समजावून सांगितलं. भोक होतं बाईंच्या तोंडाच्या उंचीवर, त्यामुळे तिला टाचा उचलून बोलावं लागत होतं, आणि दर दोन वाक्यांमागे खोकला येत होता. बाई खोकला संपेपर्यंत थांबायच्या आणि मग जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू करायच्या.

"पत्ता याच भागातला आहे, कागदपत्रं बरोबर आहेत, सगळं ठीक. पण यादी भरलीय. एका डॉक्टरला जेवढी माणसं नेमून दिलीत तेवढी झाली. आता कुणी भाग सोडून गेलं, किंवा... म्हणजे, गेलंच, तर जागा होते."

"मग तोवर मी काय करू?"

"नाव प्रतीक्षेत लिहिते ना. एकशे बारावं."

मोठ्या दवाखान्यात ती आधीच जाऊन आली होती. तिथल्या माणसाने तिला दारातूनच परत पाठवलं होतं. तुमच्या भागातल्या डॉक्टरची चिठ्ठी आणा, चिठ्ठीशिवाय फक्त अपघाताचे घेतो, असं सांगून. शेजारच्या भागातल्या डॉक्टरकडे गेली, तर ते म्हणाले तुमचा पत्ता आमच्याकडे बसत नाही. म्हणजे तपासणीला चिठ्ठी, चिठ्ठीला डॉक्टर, डॉक्टरला जागा, आणि जागेसाठी कुणीतरी मरायला हवं होतं.

तिच्याशेजारी सासरे उभे होते. ते या डॉक्टरच्या यादीत बावीस वर्षं होते, आणि बावीस वर्षांत जेमतेम पाच-सहा वेळा आले असतील. ते पुढे झाले. "माझी बायको गेली गेल्या वर्षी. ती इथेच होती. तिच्या जागेचं काय झालं?"

बाईंनी रजिस्टर उघडलं, बोट खाली खाली नेलं. "घरातलं माणूस गेलं की ती जागा त्याच घराला देतो आम्ही. पण तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. तुमच्याकडून कुणी आलंच नाही."

"मी तेव्हा रडत होतो," सासरे म्हणाले.

बाईंनी रजिस्टर मिटलं. त्या शिक्का शोधू लागल्या.

परतताना कोपऱ्यावर आल्यावर सासरे म्हणाले, "म्हणजे माझी जागा तुझीच आहे गं सूनबाई. फक्त मला जरा घाई नाहीये." ती हसली आणि तिथेच भिंतीला टेकून खोकत बसली.

सासूबाई गेल्यावर म्हातारा माणूस एकटा राहणार म्हणून ती आणि नवरा या घरात राहायला आले होते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लोखंडी कठड्याचा जिना, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ. नवरा लांब पल्ल्याच्या गाड्या चालवायचा. महिन्यातले चार दिवस घरी. आल्या आल्या तिने काम शोधलं आणि दोन रस्ते पलीकडे गाद्यांच्या कारखान्यात तिला ते मिळालं. जुन्या गाद्या यायच्या, त्या फाडून आतला दडपलेला कापूस काढायचा, गोळे तोडून पिंजणाच्या यंत्राच्या तोंडात द्यायचे. पलीकडून तो ढगासारखा फुलून बाहेर पडायचा. तिचं काम यंत्राच्या तोंडाशी. सगळ्या बायका नाकातोंडाला फडकं बांधायच्या, आणि सगळ्याच खोकायच्या. सर्वात जुनी बाई म्हणायची, "सवय होते. मला बघ, वीस वर्षं झाली." ती वीस वर्षंवाली बाई पाण्याचा हंडा उचलताना मध्ये दोनदा खाली ठेवायची, हे कुणी बोलून दाखवत नसे.

तिचा खोकला पाचव्या महिन्यात सुरू झाला. आधी फक्त खोकला. मग छातीत आवळल्यासारखं. आणि गंमत म्हणजे सोमवारी. रविवारी सुट्टी, माणूस जरा विसावतो, तर सोमवारी दुपारी तीनच्या सुमारास छाती अशी धरायची की कापसाचा गोळा उचलतानाही मध्ये थांबावं लागायचं. मंगळवारी उतरायचं. तिला वाटायचं, आपण आळशी आहोत आणि शरीराला ते बरोबर कळलंय.

कल्पना सासऱ्यांचीच. हे इथे स्पष्ट लिहून ठेवलेलं बरं, कारण पुढे तिने सगळा दोष स्वतःच्याच माथी मारून घेतला.

सासरे कोर्टात स्टेनो होते. साक्षीदार बोलायचा आणि हे लिहायचे, चाळीस वर्षं. त्यांचा अभिमान एकच: साक्षीदाराच्या तोंडचा शब्द बदलायचा नाही. वकील म्हणायचे, अहो, ते वाक्य जरा नीट करून लिहा. हे म्हणायचे, नीट बोलला असता तर नीट लिहिलं असतं. या एका गोष्टीवरून त्यांची दोनदा बदली झाली होती आणि दोन्ही बदल्या ते पदकासारख्या मिरवायचे.

एका सोमवारी ती कामावरून आली आणि दाराशीच खाली बसली. बूट काढायचंही बळ नव्हतं. सासऱ्यांनी पाणी आणून दिलं, समोर खुर्ची ओढली, वही उघडली.

"सांग. काय होतंय?"

"सोमवारचं नेहमीचंच, बाबा."

"नेहमीचं म्हणजे काय? शब्द सांग."

"छातीवर कुणीतरी ओली गादी ठेवल्यासारखं वाटतं. श्वास आत जातो, पण पुरत नाही."

त्यांनी लिहून घेतलं. खोकला कोरडा का ओला, कधी वाढतो, झोप लागते का, सगळं विचारलं. मग टोपण लावून म्हणाले, "गुरुवारी मी डॉक्टरकडे जातो. मला हे होतंय म्हणून सांगतो. ते जे औषध देतील ते तू घे."

"असं कसं चालेल?"

"का नाही चालणार? छाती छातीसारखीच असते."

आता, सुशिक्षित माणसाने असं बोलावं का? पण तुमच्या घरातलं माणूस डोळ्यांदेखत दाराशी बसकण मारत असेल आणि तुमच्यापुढे एकशे अकरा माणसं जगण्यासाठी उभी असतील, तर तुम्हीही असंच काहीतरी बोलाल. ती नको नको म्हणाली, पण फार जोर लावून नाही. तेही इथे लिहून ठेवायला हवं.

गुरुवारी सासरे इस्त्रीचा सदरा घालून गेले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या शपथा ऐकल्या होत्या, आता पहिल्यांदाच स्वतः खोटी साक्ष द्यायला निघाले होते. दारात त्यांनी दोनदा खोकून बघितलं. "जमतंय का?" तिला हसू आवरेना. "बाबा, तुम्ही फोन घेण्याआधी घसा साफ करता तसं वाटतंय ते. जरा खोलून खोका."

ते सरबतासारखं लाल औषध घेऊन आले. डॉक्टरांनी छाती तपासली, म्हणाले आवाज तर काही नाही, हवा बदलली असेल. औषधाने घशाला बरं वाटलं, छातीला काही नाही. दुसऱ्या खेपेला सासऱ्यांनी सोमवारचं सांगितलं.

"सोमवारी?" डॉक्टर म्हणाले. "आजोबा, तुम्ही तर निवृत्त. सोमवारी असं काय करता तुम्ही?"

"काही नाही. तीच तर तक्रार आहे," असं सासऱ्यांनी ठोकून दिलं. घरी येऊन त्यांनी हा संवाद दोन्ही आवाजांत करून दाखवला. मग पुढचा प्रश्न सांगितला. "त्यांनी विचारलं, धुळीत काम केलंय का कधी. म्हटलं, केलंय ना, कोर्टात. कागदांची धूळ. ते हसले."

तिचा चमचा हातातच राहिला. "बाबा, कापसाचं सांगायला हवं होतं का?"

दोघांनीही त्यावर थोडा विचार केला. सत्तरी गाठलेला स्टेनो कापूस पिंजायला जातो, हे कुणाला पटलं असतं? एका वाक्यात बिंग फुटलं असतं, आणि मग नाव यादीतून काढून टाकलं असतं तर दोघंही डॉक्टरविना. "आणि कापसाचं काय," ती म्हणाली, "तिथे सगळ्याच खोकतात." विषय तिथेच मिटला. दोघांच्या सगळ्या शहाणपणात एवढंच वाक्य सांगायचं राहिलं, आणि नेमकं तेच सांगायला हवं होतं.

या फेऱ्यांच्या तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. ज्या चिठ्ठीसाठी तिने एवढे हेलपाटे घातले होते ती सासऱ्यांना मिळाली, आणि मोठ्या दवाखान्यात जाऊन सासऱ्यांनी फोटो काढला. रिपोर्ट घेऊन ते जिना चढून आले तेव्हा घामाने डबडबले होते, पण चेहरा नुसता फुलला होता.

"स्वच्छ! एकदम स्वच्छ! काही नाही तुला."

तिने रिपोर्ट हातात घेतला. मनावरचा दगड उतरला. तिने खरंच सुस्कारा सोडला, खुर्चीत बसली, आज गोड काहीतरी करू असंही तिच्या मनात आलं. आणि मग फोटोच्या कोपऱ्यातलं नाव आणि वय वाचून ती म्हणाली, "बाबा, ही तुमची छाती आहे."

सासऱ्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "अरे हो," ते म्हणाले. "विसरलोच की."

दोघं इतकी हसली की खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने यंत्र थांबवून वर आवाज दिला. हसताना तिला खोकला लागला आणि तो काही केल्या थांबेना. शेवटी सासऱ्यांनी तिला पाठीवर थापटत खिडकीशी नेलं. तेव्हा दोघांनाही हसू येत नव्हतं.

सातव्या महिन्यात मंगळवारही गेला. सासऱ्यांनी तेही जाऊन सांगितलं. "डॉक्टर, आता मंगळवारी पण."

"आणि बुधवार?"

"तो अजून बरा आहे."

तोवर दवाखान्यात त्यांचं नाव 'सोमवारवाले आजोबा' पडलं होतं. काउंटरवरच्या बाई त्यांना बघून शेजारणीला कोपराने ढोसायच्या, आणि सासऱ्यांना ते दिसायचं. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी तोंडाने ओढायचा पंप दिला, तिला त्याने जरा बरं वाटलं. पण दहा मिनिटांची भेट, बाहेर चाळीस माणसं, आणि समोर दर पंधरा दिवसांनी येणारा म्हातारा, जो श्वास पुरत नाही म्हणतो आणि छाती तपासली तर तरुण पोरासारखी वाजते. एकदा ते हळूच म्हणाले, "आजोबा, घरी एकटं वाटतं का? बायको गेल्यापासून?" सासरे हो म्हणाले. ते मात्र खरं होतं.

भिंतीवर पाटी होती, एका भेटीत एकच तक्रार सांगावी. सासरे नियमाचे पक्के. एक तक्रार म्हणजे एक तक्रार, आणि ती एक तिची.

मधल्या काळात ते जिन्याच्या दुसऱ्या वळणावर थांबू लागले होते. तिने पाहिलं होतं. "जिना म्हातारा झालाय," ते म्हणायचे. जेवणानंतर डावा दंड चोळत बसायचे, तेव्हा तिला वाटलं वही मांडीवर धरून धरून आखडला असेल. एकदा अर्धं ताट तसंच ठेवून उठले आणि गॅस झालाय म्हणाले. तिने ओवा दिला. माणसाला आपला आजार असला की दुसऱ्याचा दिसत नाही, असं म्हणून तिने पुढे स्वतःला माफ करायचा प्रयत्न केला, पण ते तिला जमलं नाही.

त्या गुरुवारी ती कामावर होती. अकराच्या सुमारास मुकादम यंत्र बंद करून तिच्याजवळ आला. यंत्र कधीच मध्ये बंद होत नसे, म्हणून सगळ्या बायका वळून बघू लागल्या. "घरून फोन आहे. तुमच्या खालचा शिंपी," तो म्हणाला, आणि तिच्या हातातला कापूस त्यानेच काढून घेतला.

ती धावत सुटली. धावणं कसलं, पहिल्या चौकातच छातीने हात टेकले. खांबाला धरून थांबली, चालली, पुन्हा थांबली. दोन रस्त्यांच्या अंतराला तिला वीस मिनिटं लागली. लोक बघत होते. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायलाही हवा लागते.

सासरे जिन्याच्या दुसऱ्या वळणावर होते. शिंप्याने त्यांच्या डोक्याखाली कापडाचा तागा ठेवला होता आणि तो स्वतः पायरीवर बसून रडत होता. सदरा इस्त्रीचा. खिशात तिचा नवा पंप, पुडक्यातून अजून काढलेला नव्हता. दवाखान्यातून येताना चढत होते, शिंपी म्हणाला, मध्येच बसले, मला म्हणाले काही नाही रे, आणि झालं. गाडी आली ती मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे कुणी चिठ्ठी मागितली नाही. हृदय बंद पडलं, असं त्यांनी लिहून दिलं.

नवरा तिसऱ्या दिवशी पोचला. त्याला या गुरुवारांचं काहीच माहीत नव्हतं. बाबा म्हणाले होते, त्याला गाडी चालवताना काळजी नको. बापाच्या कपाटात त्याला फाइल सापडली. औषधांच्या चिठ्ठ्या, तारखा, फोटो, सगळं नीट लावलेलं. तो वाचत गेला आणि त्याचा चेहरा काळवंडत गेला.

"आठ महिने!" तो म्हणाला. "आठ महिने बाबा त्या माणसाला सांगत होते की छाती आवळते, श्वास पुरत नाही. आणि त्याने काय दिलं? खोकल्याचं औषध! माझ्या बापाला मारलं त्याने. मी सोडणार नाही त्याला."

ती समोर उभी होती. सांगायला तोंड उघडलं, आणि नवऱ्याचे डोळे बघून मिटलं. त्याने तक्रारीचं पत्र लिहिलं, एक प्रत डॉक्टरांना, एक वरच्या कार्यालयाला, आणि सातव्या दिवशी गाडीवर परत गेला. बाप मेल्याचं दुःख त्याला रागात ओतता आलं होतं. तिच्याकडे तीही सोय नव्हती.

अकराव्या दिवशी काउंटरवरच्या बाईंचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता, पण मध्येच अडखळला. "तुमच्या घरची एक जागा... मोकळी झालीय. तीस दिवस असतात, पण तुमचं मागच्या वेळी राहून गेलं होतं, म्हणून म्हटलं आपणच कळवावं." मग जरा थांबून, "आजोबा चांगले होते हो. आम्ही उगाच चेष्टा करायचो."

ती जाणार नव्हती. दोन दिवस तिने तो विचार झिडकारला. बाबांच्या जागेवर जाऊन बसायचं म्हणजे काय? पण तिसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरताना हात वर धरून ठेवता येईना, आणि तिला भीती वाटली. साधी, स्वतःच्या जिवाची भीती. तिला तिची लाज वाटली, तरी ती मृत्यूचा दाखला आणि पत्त्याचा कागद घेऊन निघाली.

अर्ज चार पानी होता. नाव, वय, पत्ता, आधीचे आजार. शेवटच्या पानावर 'या घरात पूर्वी नोंद असलेली व्यक्ती', तिथे तिने बाबांचं नाव लिहिलं. बाईंनी शिक्का मारला आणि तिला थेट आत पाठवलं.

डॉक्टर पन्नाशीचे, पाठीतून जरा वाकलेले. ते उभे राहिले. रोग्यासाठी डॉक्टर उभे राहतात हे तिने कधी पाहिलं नव्हतं. टेबलावर सासऱ्यांची फाइल होती, वर नवऱ्याचं पत्र.

"बसा," ते म्हणाले. "तुमच्या मिस्टरांचं पत्र मिळालं. त्यांचं बरोबर आहे. आठ महिने आजोबा मला सांगत होते आणि मला वाटलं, एकटेपणाने येतात. ही फाइल मी रोज वाचतोय. छाती आवळणं लिहिलंय, श्वास लिहिलाय. विद्यार्थ्यालाही कळलं असतं. मी चुकलो. मला तुमची माफी मागायची होती."

गप्प बसणं किती सोपं होतं. डॉक्टर चुकले म्हणतच होते, नवऱ्याचा तोच समज होता, आणि ज्याने खोटं सांगितलं तो गेला होता. एक शब्दही न बोलता ती नवी रोगी म्हणून सुरुवात करू शकली असती.

डॉक्टरांनी फाइल बाजूला सरकवली, कोरा कागद पुढे ओढला. "असो. तुमचं सांगा. काय होतंय?"

तिने सांगायचं ठरवलं आणि लक्षात आलं की तिच्याजवळ नवे शब्दच नाहीत. होते ते सगळे सांगून झाले होते.

"छातीवर कुणीतरी ओली गादी ठेवल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. "श्वास आत जातो, पण पुरत नाही."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी सासऱ्यांची फाइल परत ओढली, दुसरं पान काढलं, वाचलं. वर बघितलं. "पुढे?"

"सोमवारी जास्त. मग मंगळवारी पण. आता तर रोजच."

"तुम्ही कामाला कुठे जाता?"

"गाद्यांच्या कारखान्यात. पिंजणावर."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि हाताचे अंगठे डोळ्यांवर दाबून धरले. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. मग तिने सगळं सांगितलं. वही, गुरुवार, पंप, फोटो. बाबांसारखंच सांगितलं, काही नीट न करता. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"कापसाची धूळ आहे ही," ते अखेर म्हणाले. "सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी धरते, ही तिची खूणच. तुम्ही समोर असता आणि कापूस म्हणाला असता, तर मी पहिल्याच दिवशी काम सोडायला लावलं असतं. तेव्हा सोडलं असतं तर पुष्कळ भरून आलं असतं."

"आणि आता?"

"आता आजच सोडा. उरलंय तेवढं सांभाळू."

त्यांनी फाइलीची दोरी सोडली आणि पानं वेगळी करायला घेतली. हे तुमचं? हो. हे? माझंच. खोकल्याचं पान, झोपेचं पान, पंपाचं पान, एकेक करून सगळी तिच्या नव्या फाइलीत गेली. जुन्या फाइलीत फोटो उरला, आणि एक अरुंद पट्टी, जिच्यावर नर्सने दर भेटीला रक्तदाब लिहिला होता. अठरा आकडे, एकाखाली एक, वाढत गेलेले. तेवढं एक बाबांना दुसऱ्याच्या नावाने सांगता आलं नव्हतं. डॉक्टरांनी पट्टी वरून खाली दोनदा वाचली आणि टेबलावर उलटी ठेवली.

"शेवटच्या गुरुवारी जाताना ते दाराशी थांबले होते," ते म्हणाले. "काहीतरी सांगायचं होतं त्यांना. मी पुढचा नंबर बोलावला." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "म्हणजे 'छाती आवळते' हे तुमचं होतं. मग त्यांना स्वतःला काय होत होतं?"

तिला दंड आठवला, जिन्याचं वळण आठवलं, अर्धं ताट आठवलं. पण ते कसं दुखत होतं, किती दिवस, सोमवारी की रोज, दगडासारखं की सुरीसारखं, यातला एक शब्द तिच्याजवळ नव्हता. आठ महिने दर सोमवारी समोर बसून त्यांनी तिला विचारलं होतं, सांग, काय होतंय. तिने एकदाही उलटून विचारलं नव्हतं.

"ठाऊक नाही," ती म्हणाली आणि रडू लागली. रडताना श्वास पुरेना, तरी थांबता येईना. "मी विचारलंच नाही कधी."

डॉक्टरांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. विचारलं त्यांनीही नव्हतं.